चेकरबाईंचं इंजेक्शन

तिने काचेच्या कुपीची मान कापसात धरून मोडली आणि आतलं लाल औषध सिरिंजमध्ये ओढून घेतलं. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बाही वर करून बसली होती, लहान मुलं बसतात तशी, मान पलीकडे वळवून. तिने आईचा वाळलेला दंड चिमटीत धरला, सुई टोचली, हळूहळू औषध सोडलं आणि वरून कापूस दाबला.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

"कळलंसुद्धा नाही. तुझा हात फार हलका आहे गं, ठमे."

दाबायची गरज संपली होती, तरी ती कापूस दाबून तशीच उभी राहिली. रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत ती गेली वीस वर्षं लोकांना सुया टोचत होती. हात हलका आहे असं अनोळखी माणसं तिला रोज म्हणायची. आईच्या तोंडून ते पहिल्यांदाच येत होतं. आणि ठमी हे नाव तर ती शाळेत जायला लागली त्याच वर्षी घरातून हद्दपार झालं होतं.

आई तयार कपड्यांच्या कारखान्यात चेकर होती. शिवून आलेला प्रत्येक नग तिच्या टेबलावरून जायचा. ती डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त बघायची. शिवणीवरून फिरणारी बोटं सुटलेल्या टाक्यापाशी जागच्या जागी थांबायची, आणि समोर उभी असलेली शिवणारी बाई न सांगताच नग परत घ्यायला हात पुढे करायची. सगळा कारखाना तिला चेकरबाई म्हणायचा. अडचण एवढीच होती की घरी आल्यावरही ती चेकरबाईच असायची. मुलीची वेणी, अक्षर, मैत्रिणी, चालणं, सगळं त्या टेबलावरून गेलं. चांगले गुण आणले तर उरलेले कुठे गेले याची चौकशी व्हायची. पुढे मुलीला आवडलेला एकुलता एक माणूस आईने एका चहात नापास केला. तो वाईट नव्हता, त्याच्या हातून बशीत चहा सांडला एवढंच. त्यानंतर मुलीने दुसऱ्या शहरात नोकरी धरली, भाड्याची खोली घेतली आणि ती रविवारचे फोन करत राहिली. फोनवर आई विचारायची, तुझा आवाज असा का येतोय?

या वेळी फोन वरच्या मजल्यावरच्या काकूंचा आला होता.

"तुझी आई काल माझ्या दाराला किल्ली लावत होती," काकू म्हणाल्या. "मी दार उघडलं, तर मलाच विचारते, तुम्ही आमच्या घरात काय करताय? आधी मला हसू आलं गं. पण मग तिचा चेहरा बघितला."

ती आली तेव्हा आई भिंत धरून चालत होती. पायांखाली कापूस पसरल्यासारखं वाटतं म्हणाली. हातापायांना मुंग्या, जीभ लाल आणि गुळगुळीत, चेहऱ्याला रंग म्हणून नाही. स्वयंपाकघरात चहापूड, साखर आणि टोस्टचे पुडे सोडून काही नव्हतं. बाबा गेल्यावर आईने दूध बंद केलं होतं, एकटीने संपत नाही म्हणून. मग मासे, मग अंडी. एका अंड्यासाठी भांडं कुणी घासायचं? काळा चहा प्यायचा, टोस्ट बुडवून खायचा, आणि त्याने छातीत जळजळ झाली की गोळी घ्यायची. ती गोळीही आता कितीतरी वर्षांची जुनी सोबतीण झाली होती. रविवारच्या फोनवर "जेवलीस का" असं ती दर वेळी विचारत आली होती, आणि आई दर वेळी "हो" म्हणाली होती.

तिने स्वतःच आईचं रक्त काढलं. आकडा बघून डॉक्टरबाईंनी चष्मा वर सरकवला.

"बी-ट्वेल्व्ह जवळजवळ संपलंय. आजींना वेडबिड काही लागलेलं नाही. नसा उपाशी आहेत. इंजेक्शनं सुरू करा, तुमची आई तुम्हाला परत मिळेल. खाडा मात्र करू नका. नसांच्या बाबतीत उशीर झाला की काही गोष्टी परत येत नाहीत."

आई परत मिळावी, हेच तर तिला हवं होतं. मधल्या दिवसांत कोण भेटणार आहे हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

भेटली ती एक मऊ, गोंधळलेली बाई. तिला बोटांनी गुंडी लागत नसे, आणि कुणी लावून दिली की ती गालाला हात लावायची. "जाऊ नकोस, इथेच बस," म्हणायची. केस विंचरून घ्यायला पाठ करून बसायची आणि अर्ध्यात डुलकी काढायची. एका दुपारी मुलीने जुन्या चादरीचा उशीला अभ्रा शिवला. शिवणकाम तिला कधीच धड आलं नव्हतं, हाही वाकडाच झाला. आईने त्या शिवणीवरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही न थांबता.

"छान झालाय," आई म्हणाली.

ती बाथरूममध्ये गेली आणि नळ मोठा सोडून रडली. चाळिशी ओलांडलेल्या बाईने एका शब्दावरून इतकं रडावं याची तिला लाज वाटली, पण रडू काही आवरेना.

औषध आपलं काम करत होतं. चेहऱ्यावर रंग आला, भिंत सुटली, काकूंचं दार काकूंचं झालं. सगळ्यात शेवटी बोटं जागी झाली. एका सकाळी अंथरुणाची घडी करताना आईचा हात उशीवर थबकला.

"हे कुणी शिवलंय?"

"मी."

आईने अभ्रा काढून नुसता बाजूला ठेवला. त्या दिवसापासून चहा पातळ व्हायला लागला, केर कोपऱ्यात राहायला लागला, आणि "या वयात असे केस मोकळे सोडून बसतं का कुणी" हेही सुरू झालं. आता हाक मारताना शाळेच्या दाखल्यावरचं नाव यायचं, पूर्ण. ती आनंदी व्हायला हवी होती. दुसरी एखादी मुलगी झालीही असती. तिला मात्र घरात कुणीतरी गेल्यासारखं वाटत होतं, आणि हे दुःख सांगायचं तरी कुणाला, हा प्रश्न होता. काकू रोज जिन्यात भेटून म्हणायच्या, "नशीबवान आहेस, आई सुधारली."

एव्हाना इंजेक्शन आठवड्यातून एकदा द्यायचं होतं. त्या दिवशी सकाळी आईने कप खाली ठेवला.

"हा चहा आहे की भांडं विसळलेलं पाणी?"

ती उठली, कपाटातली डबी काढली, कुपी हातात घेतली. मग कुपी परत डबीत ठेवली आणि डबी मागे सरकवली. उद्या देऊ, असं ती मनात म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. इतकं औषध अंगात गेल्यावर एका खाड्याने लगेच काही बिघडत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मग ती डबी मागे का सरकवली, हे तिने स्वतःला विचारलंच नाही.

दोन दिवसांनी आई दारात उभी राहून म्हणाली, "ठमे, माझे केस विंचरतेस?"

ती चटकन वळली. आई नजर खाली घालून उभी होती. त्या दिवशी चहाला नाव ठेवलं गेलं नाही. संध्याकाळी आईने तिचा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि धरून ठेवला. पकड जरा अवघडलेली होती, पण सुटली नाही. एवढ्यात हे असं व्हायला नको होतं. रक्त असं वागत नाही. तिने घाबरायला हवं होतं, आणि सरळ सांगायचं तर ती सुखात होती. आठवडा सरत आला तरी डबी कपाटात मागेच राहिली.

मग एका दुपारी ती आईची वेणी घालत असताना आई म्हणाली, "तुझे बाबा आले नाहीत गं अजून. उशीर झाला आज."

तिच्या हातातले तीन पेड सुटले. सगळ्यात वाईट दिवसांतही बाबा गेलेत हे एक आई विसरली नव्हती. कपाटापर्यंत ती कशी पोहोचली हे तिलाही कळलं नाही. कुपी मोडताना कापूस घ्यायचं राहिलं आणि काच बोटात घुसली. तिने आईची बाही वर केली आणि सुई टोचली.

"आज हात जड आहे तुझा," आई म्हणाली.

त्यानंतर तिने एकही वार चुकवला नाही. आई ठणठणीत झाली, जशी होती तशी झाली. डॉक्टरबाईंनी आता महिन्यातून एकदाच टोचायला सांगितलं, ते दवाखान्यातही होण्यासारखं होतं. दूध पुन्हा सुरू झालं. काकूंनी एक दिवसाआड जेवायला खाली यायचं कबूल केलं, म्हणजे भांडं एका अंड्यासाठी घासायला नको. तिची रजा संपली.

निघायच्या दिवशी ती बॅग भरत होती. प्रयोगशाळेचा पांढरा कोट वर ठेवला होता.

"तो इकडे दे," आई म्हणाली. "बाहीची शिवण उसवलीय. वीस लोकांपुढे असाच घालतेस?"

आईने चष्मा न लावताच सुई ओवली. सुरुवात बोटांनी शोधली आणि बारीक टाके घालू लागली. ती दाराशी बॅग घेऊन उभी राहिली.

"मधे एकदा इंजेक्शन दिलं नाहीस तू," आई कोटाकडे बघत म्हणाली.

तिला वाटलं, आता नाही म्हणावं.

"विसरले असेन."

"तू विसरणाऱ्यातली नाहीस. डबी मागे सरकवलेली दिसली मला. बोटं बधिर झाली होती, डोळे नव्हे."

बाहेर कुणीतरी जिना उतरत गेलं. तिने दार लोटून घेतलं.

"मग आठवण का नाही केलीस?"

"तुला ती दुसरी आवडली होती," आई म्हणाली. "मला दिसत होतं ना. म्हटलं, बघू जमतंय का." तिने धागा ओढून घेतला. "केसांचं वगैरे ठीक होतं. बाबांचं विचारलं ते जरा जास्तच झालं माझं."

बॅग तिने खाली ठेवली.

"आणि आई, खरंच काही बिघडलं असतं म्हणजे? नसांचं? कायमचं?"

आईने शेवटचा टाका घातला, गाठ मारली आणि धागा दातांनी तोडला.

"बिघडलं असतं, तर तू थांबली असतीस," ती म्हणाली.

मग तिने कोट झटकला, बाही उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली आणि आपल्याच शिवणीवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिली. लेकीने दाराशी घातलेल्या चपला काढल्या. चहाला आधण ठेवलं, दुधाचं पातेलं पुढे ओढलं. संध्याकाळी आणखी एक बस होती.