आप्पांचा तिसरा पॅच

कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून घरी आली की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडायची. लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीच्या एका वितरणातली चाळीसेक पॅकेजं, म्हणजे त्यातले तयार प्रोग्रॅम, ती हौसेनं सांभाळत होती. पायथन भाषेतली एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, मात्र आप्पांकडे होती. एकदा केलेलं गणित पुन्हा करावं लागू नये म्हणून उत्तरं डिस्कवर साठवणारी. नवी आवृत्ती येऊन वर्ष झालं, तरी ती वितरणात घ्यायला आप्पा हलेनात. सगळेच त्यांना आप्पा म्हणत. पाहिलं कुणीच नव्हतं.

शेवटी तिचा धीर सुटला. पॅकेजं सांभाळणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशा मेलमध्ये तिनं लिहिलं, "आप्पा, होत नसेल तर सोडा. उगाच अडवून धरू नका."

"जरा जास्तच झालं," नवरा वाचून म्हणाला.

"त्याशिवाय ते हलायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "पॅकेज तुमच्याकडे देतो. पॅच तेवढे नीट वाचा."

आप्पांनी स्वतः केलेल्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, तीन होत्या. दोन तिनं वाचल्या. तिसरी नव्या आवृत्तीत बसेना, तिनं ती सरळ काढून टाकली. चाचण्या पास झाल्या, अपडेट सगळ्यांकडे गेलं.

आठवड्याभरानं एका भूकंप-संशोधक बाईंचा मेल आला. नव्या लायब्ररीनं जुन्या पद्धतीची साठवण पाहिली आणि न विचारता पुसली. पाच महिने मशीन चालवून काढलेली उत्तरं गेली. 'दुसरी प्रत ठेवली नाही, चूक माझीच,' असं वर त्यांनीच लिहिलं होतं.

तिनं तिसरा पॅच उघडला. पहिलीच ओळ होती: जुनी साठवण विचारल्याशिवाय पुसू नये.

 तिनं अपडेट मागे घेतलं आणि सगळ्यांदेखत आप्पांची माफी मागितली. उत्तर त्यांच्या मुलीचं आलं. "बाबांची नजर जवळजवळ गेलीय. वर्षभर अक्षरं मोठी करकरून ते हाच पॅच नव्या आवृत्तीत बसवत होते. अर्धा झालाय. तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्या बाईंचं काही परत मिळालं का, एवढंच विचारतायत."

खाली फोन नंबर होता. तिनं लगेच लावला.

"नाही मिळालं, आप्पा," ती म्हणाली.

"लिहून घ्या," ते म्हणाले. मग आप्पा उरलेला अर्धा पॅच तोंडी सांगू लागले, ओळीमागून ओळ. माफीचं वाक्य तिनं दोनदा ओठांवर आणलं. दोन्ही वेळा ते पुढच्या ओळीवर गेले होते.