शेवटची पानं नसलेली पुस्तकं

“कल्पना तुमची स्वतःचीच आहे ना? कुठं वाचलेली वगैरे नाही?” संपादकबाईंनी फोनवर विचारलं आणि कथा लिहिणाऱ्या तबकडीचं हातातलं काम थांबलं.

त्याच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात मेणात अर्धवट बसवलेली कुणाची तरी कवळी. इतकी वर्षं त्याच्या कथा ‘साभार परत’ येत होत्या. आज पहिल्यांदाच एका मासिकाच्या बाई स्वतः फोन करून सांगत होत्या की कथा फार आवडली, याच अंकात घेतो. आणि जाता जाता हा प्रश्न. मागं एका महाभागानं परक्या भाषेतली कथा उचलून आपल्या नावावर खपवली होती, मासिकाची चांगलीच शोभा झाली होती, तेव्हापासून बाई प्रत्येकालाच विचारून घेत. दुसरा कुणी असता तर ‘हो हो, माझीच’ म्हणून मोकळा झाला असता. हा म्हणाला, “उद्या सांगितलं तर चालेल?”

“उद्या?” बाई गोंधळल्या. “बरं. पण दुपारच्या आत. अंक छपाईला जातोय.”

तबकडी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कवळ्या बनवायच्या त्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत तो उडत्या तबकड्यांची पुस्तकं वाचत बसायचा, म्हणून सोबतच्यांनी ते चिकटवलं होतं. त्यालाही राग नव्हता. दिवसा लोकांचे दात घडवायचे आणि संध्याकाळी दुसऱ्या ग्रहांवर जायचं, असं त्याचं सरळ आयुष्य होतं.

“काय रे, लॉटरी लागली की कुणी गेलं?” शेजारच्या बाकावरच्या पॉलिशवाल्यानं विचारलं.

“कथा घेतली.”

“मग तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का?”

ते एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं. आईची दृष्टी गेली तेव्हापासून तो तिला रोज संध्याकाळी वाचून दाखवत असे. रडक्या कादंबऱ्या तिला नको असत. “घरात काय कमी आहे, म्हणून बाहेरून आणायचं?” म्हणायची. विज्ञानकथा मात्र तिला जाम आवडत. पुस्तकं कोपऱ्यावरच्या वाचनालयातली, कैक हातांतून गेलेली, आणि त्यातल्या बऱ्याच पुस्तकांची शेवटची पानं बेपत्ता. पहिल्यांदा असं झालं तेव्हा यान सूर्याकडे कोसळत होतं आणि पुढं एकदम पुठ्ठाच आला. आई श्वास रोखून बसलेली. पुढची पानंच नाहीत, हे सांगायला त्याची जीभ रेटेना. त्यानं मागचंच एक पान आवाज करून उलटलं आणि पुढचं मनानं सांगत गेला. यान वाचलं. “सुटले बाई एकदाचे,” आई म्हणाली. त्याच्या लेखनाची सुरुवात ही अशी झाली.

मग चटकच लागली. धड पुस्तकांचेही शेवट तो बदलू लागला. कधी तर अख्खी गोष्टच रचून सांगायचा, हातात पुस्तक धरून, मधूनमधून पान उलटत. पुढं वाचनालय बंद पडलं, पुस्तकं रद्दीत गेली आणि त्याच्या डोक्यात वाचलेलं कुठलं नि रचलेलं कुठलं याचा पार गुंता होऊन बसला. त्यातल्याच काही गोष्टी आठवून आठवून तो कथा लिहीत असे. लिहिताना त्या आपल्याच वाटत. बाईंनी विचारलं तेव्हा पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला ठाऊकच नाही.

मासिकानं निवडलेली कथा अशी होती: माणसं एक ग्रह सोडून निघून जातात. मागं राहिलेला यंत्रमानव त्यांच्या विसरलेल्या कवळ्या वाट्यांमध्ये भिजवून ठेवतो आणि रोज पाणी बदलत राहतो, कारण माणसं परत आली की त्यांना त्या जेवायला लागतील.

घरी बायकोला सांगितलं. आधी ती आनंदानं ओरडलीच, मग बाकीचं ऐकून वैतागली. “काहीतरीच तुमचं! कवळ्यांची गोष्ट तुमच्याशिवाय कोण लिहिणार?”

“कवळ्यांची होती म्हणूनच माझ्या लक्षात राहिली असेल. आणि तो ग्रह कुणाचा?”

“ग्रह काय कुणाच्या बापाचा असतो?”

“उद्या कुणी पुस्तक नाचवत आलं, तर मी चोर ठरेन गं.”

“कुणी येत नाही. हो म्हणा आणि मोकळे व्हा.” मग तिचा आवाज खाली आला. “मलाही एकदा तुमचं नाव छापलेलं बघायचंय हो.”

त्यानं पिशवी खुंटीला अडकवली. तीच म्हणाली, “आईंना विचारा. त्यांच्या सगळं लक्षात असतं.”

आई खिडकीपाशी पायांवर मावळतीचं ऊन घेत बसली होती. “आई, तो यंत्रमानव आठवतो? माणसं निघून जातात आणि तो एकटाच...”

“कवळ्यांचं पाणी बदलत बसतो तो? वेडाच होता बिचारा. मला रडू आलं होतं तेव्हा. तुला कळू दिलं नाही.”

“ती पुस्तकातली होती, की मी आपली मनानं सांगितली होती?”

आई खळखळून हसली. “तू? अरे, शाळेत उशीर झाला तर तुला एक थाप धड मारता यायची नाही! पुस्तकातलीच ती. तू पानं उलटत होतास, मला ऐकू येत होतं ना.”

ज्या आवाजावर इतकी वर्षं तिला फसवलं, तोच आता त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा होता. तिला खरं सांगून टाकावं असं फार वाटलं. पण मग संकटातून बचावलेलं प्रत्येक यान, परत आलेला प्रत्येक अंतराळवीर तिला खोटा वाटला असता. आणि सांगूनही काय सिद्ध होणार होतं? पान दोन्ही वेळा सारखंच वाजायचं. त्याला स्वतःचा राग आला, आणि खरं सांगायचं तर आईचाही.

दुसऱ्या दिवशी कामाला बसण्याआधीच त्यानं फोन लावला. “बाई, ती कथा नका छापू. वाचलेली असावी.”

“असावी म्हणजे? कुठं वाचलीत?”

“तेच तर सांगता येत नाही.”

“अहो, लोक चोरलेली आपली म्हणून देतात. तुम्ही उलटंच करताय,” बाई म्हणाल्या. “दुसरी पाठवा मग.”

“पाठवतो,” तो म्हणाला. दुसऱ्या सगळ्या कथांनाही हाच रोग होता, हे त्याला माहीत होतं.

घरी हे ऐकून बायको स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटू लागली. आई मात्र त्याची वाटच बघत होती. “काल तू आठवण काढलीस, तेव्हापासून तीच डोक्यात आहे. पुन्हा वाच ना ती.”

“पुस्तक नाही आता, आई.”

“मग आठवेल तशी सांग.”

त्यानं सांगितली. हातात काही नव्हतं, उलटायला पान नव्हतं, तरी कुठंही अडखळला नाही. यंत्रमानवानं शेवटची वाटी भरली, आभाळाकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्या वाटीकडे वळला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज कधीच थांबला होता. बायको दारात उभी होती.

आईनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले. “केवढं मोठं काळीज असेल रे लिहिणाऱ्याचं,” ती म्हणाली. “कोण होता तो? नाव तरी कळू दे.”

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं.

“मला नाही माहीत, आई,” तो म्हणाला.

बायको आत वळली आणि तिनं ताटं घेतली.