साल्बाची गुणगुण

हेडफोन एक आणि ऐकणारे साठ. नोंग तेर्योच्या अंगणात गुरुवारी सकाळपासून रांग लागली होती. एकेकाने आत जायचं, खुर्चीत बसायचं, हेडफोन कानाला लावायचा, वीस सेकंदांत डोळे पांढरे करायचे, छातीवर क्रूस काढायचा आणि पुढच्याला जागा द्यायची. रांगेतल्यांना आल्याची गरम पेज मिळत होती, एक बाई शेंगदाणे विकत होती, आणि गल्लीतली सगळी व्हिडिओके मशीनं, पडद्यावर शब्द बघून गाणी म्हणायची, चक्क बंद होती. आमच्या गिमारास बेटावर कुणी मेलं तरी व्हिडिओके बंद होत नाही, त्यावरून काय ते समजा.

मी ही मशीनं दुरुस्त करते. नाव पेर्पेतुआ, पण सगळे नांग पेत म्हणतात; बाईला नांग, बाप्याला नोंग, ही आमची मानाने हाक मारायची रीत. तीस वर्षं जळक्या वायरी हुंगतेय, त्यामुळे मशीनमध्ये काय काय शिरतं ते मला चांगलं ठाऊक आहे. झुरळं निघाली, पाली निघाल्या, सांडलेली ताडी निघाली, एकदा तर फादरची कवळी निघाली. मेलेली बायको मात्र तोवर कधी निघाली नव्हती.

झालं असं, की तेर्योची मुलगी जोनालिन गाते, आणि फार गोड गाते. परदेशी प्रवासी जहाजावरच्या बँडमध्ये एक जागा निघाली होती. तीन गाणी घरी रेकॉर्ड करून पाठवायची, दोन इंग्रजी आणि एक आपल्या भाषेतलं. मुदत शुक्रवारी दुपारची. रियाधच्या मावसभावाने तिला एक माइक आणि एक लाल डबा पाठवला होता. माइकची वायर डब्यात, डब्याची वायर लॅपटॉपमध्ये, की झाला घरचा स्टुडिओ. इंग्रजी गाणी झाली. तिसरं म्हणून तिने आईची अंगाई घेतली. तिची आई साल्बा जाऊन दोन वर्षं झाली होती. रेकॉर्डिंग लावून बघितलं तर जोनालिनचा आवाज विहिरीतून आल्यासारखा लांब, आणि त्याच्यामागे आणखी कुणीतरी गुणगुणतंय!

पहिल्या दिवशी शेजारी म्हणाले, डास असेल. दुसऱ्या दिवशी आमच्या पंचक्रोशीतले वैदू नोंग क्रिसान्तो येऊन ऐकून गेले आणि म्हणाले, ही साल्बा, लेकीला जाऊ नको म्हणतेय. तिसऱ्या दिवशी, साल्बा जिवंत असताना जे तिच्याशी कधी दोन शब्द बोलले नव्हते, त्यांनाही तिचा आवाज बरोब्बर ओळखू यायला लागला.

जोनालिनने मला स्वयंपाकघराच्या दाराशी ओढलं.

"नांग पेत, उद्या दुपारी मुदत संपते. ताताय म्हणतात, आई नको म्हणते तर जायचं नाही."

"बापाचं राहू दे, तुला काय वाटतं?"

"मला जायचंय." तिने अंगणातल्या रांगेकडे बघितलं. "पण खरंच आई असली तर?"

माझं डोकं सणकलं. चोवीस वर्षांची शहाणी पोर, तिला तिच्याच आईची भीती घालून ठेवली होती!

दुपारी तीनला क्रिसान्तोंची तीनचाकी अंगणात शिरली. तिच्या पाठीवर ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं: मालिश, नजर, मोडलेलं हाड, हरवलेली म्हैस. खाली त्याहून ठळक अक्षरांत फोन नंबर. सोबत भाची होती. ती अॅप्रनच्या खिशात हात घालून दारातच उभी राहिली.

"थांबा!" क्रिसान्तो उंबऱ्यावर गरजले. "हवा जड झालीये. इथे कुणीतरी डुकराचं मांस खाऊन आलंय!"

आदल्याच दिवशी गावची फिएस्टा, म्हणजे जत्रा, झाली होती. सगळेच खाऊन आले होते. तरी सगळ्यांनी तोंडात बोटं घातली.

मग त्यांनी गळ्यातली ताईताची लाल थैली काढली, सात वेळा फुंकर मारली आणि लाल डब्यावर ठेवली. डब्याला लावलेले दोन स्पीकर चालू केले.

"साल्बा! आलीस का गं?"

स्पीकर बोलले: टिक, टिकी-टिक, टिकी-टिक, घर्रर्र.

अंगणात "आईगं!" झालं. एक म्हातारी मटकन खाली बसली.

"लेकीने समुद्रापार गेलेलं तुला चालेल का? नसेल चालत तर पुन्हा बोल."

टिकी-टिक, घर्रर्र.

"ऐकलंत?" क्रिसान्तोंनी घाम पुसला. "आईचा जीव यंत्रात अडकलाय. आज संध्याकाळच्या भरतीला हा लॅपटॉप तीनदा समुद्रात बुडवायचा, म्हणजे ती मोकळी होईल. आणि मुलीने सात वर्षं पाणी ओलांडायचं नाही."

अहो, आम्ही बेटावर राहतो! दात काढायचा झाला तरी होडीत बसून इलोइलो गाठावं लागतं. सात वर्षं पोरीने काय हिरड्या चोळत बसायचं होतं? पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तेर्यो उठला. दिवसभर मासेमारीची जाळी विणणारा, तोंडातून शब्द न काढणारा माणूस. त्याने लॅपटॉप उचलून छातीशी धरला. डोळे भरून आले होते.

"तुझी आई अडकलीये, इंदाय, पोरी. तिला असं कसं ठेवायचं?"

जोनालिनने माइकची वायर गुंडाळायला घेतली. ते काही मला बघवेना.

"तेर्यो, ठेव ते खाली," मी म्हटलं. "भरतीला अजून दोन तास आहेत. नोंग क्रिसान्तो, साल्बा अजून आहे का इथे?"

"गेली. आत्मा दमतो, बाई."

"नक्की गेली?"

"मी सांगतोय ना!"

तीनचाकीवरचा नंबर मला तोंडपाठ होता, रोज माझ्या दुकानावरून जाते ती. माझ्या फोनवर तो जुळवून, हात पाठीमागे घेऊन मी बटण दाबलं.

टिक, टिकी-टिक, घर्रर्र.

"अगंबाई, परत आली वाटतं!" मी फोन कापला. "आता?"

"आता... आता गेली," क्रिसान्तो म्हणाले.

मी पुन्हा बटण दाबलं. टिकी-टिक, टिकी-टिक.

"दमलेली दिसत नाही हो. चांगली तरतरीत आहे."

खाली बसलेली म्हातारी सगळ्यांत आधी हसली. मी थैली उचलून टेबलावर उपडी केली. एक मगरीचा दात पडला, एक गंजकं नाणं, लॅटिनमध्ये काहीतरी खरडलेला कागद, आणि आवाज बंद करून ठेवलेला जुना बटणांचा फोन. पडदा उजळलेला. चार मिस्ड कॉल, दोन भाचीचे, दोन माझे. मी दाराकडे बघितलं तर भाची केव्हाच पसार झाली होती.

"फोन लागायच्या आधी लहरी फेकतो आणि स्पीकरच्या वायरी त्या झेलतात," मी म्हटलं. "टीव्हीजवळ फोन ठेवल्यावर हा आवाज तुम्ही शंभरदा ऐकलाय. तेव्हा काय तुमची सासू आली होती?"

हशा पिकला. पण क्रिसान्तो असे तसे हार जाणारे नव्हते.

"बरं! फोन माझा, कबूल!" ते ओरडले. "पण ती गुणगुण? ती रेकॉर्ड झाली तेव्हा मी होतो इथे? सांगा ना, वायरवाल्या बाई! ती कोण?"

खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड होता, आणि मलाही उत्तर माहीत नव्हतं. मी माझ्या धंद्यातलं पहिलं काम केलं. लॅपटॉप तेर्योच्या हातातून घेतला, तो नेहमी असायचा तिथे, प्लायवूडच्या भिंतीला टेकलेल्या फळीवर ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ धावायला लागली. माइक परत खिडकीत, ती जिथे गाते तिथे, जोडून ठेवला आणि त्यावर नखाने टकटक केलं.

रेघ हललीसुद्धा नाही.

मग लॅपटॉपच्या झाकणावर टकटक केलं. रेघ ताडकन उडाली.

"जोनालिन, हा डबा मध्ये कधी काढला होतास का?"

"गेल्या महिन्यात वीज गेली तेव्हा. नंतर लावला की परत. त्याचा दिवा लागतो, हेडफोनमध्ये मला माझा आवाज चांगला येतो."

"येणारच. डबा तुझा आवाज परस्पर हेडफोनला देतोय. पण रेकॉर्ड करणारा लॅपटॉप, आणि त्याला दोन कान आहेत. एक हा रियाधचा, एक जन्मापासूनचा, झाकणातला. डबा काढला तेव्हा हा पठ्ठ्या आपल्या कानावर आला आणि नंतर कुणी सांगितलंच नाही म्हणून तिथेच बसला. तू खिडकीत गातेस आणि हा भिंतीला कान लावून ऐकतोय. म्हणून तुझा आवाज लांबचा."

"आणि गुणगुण?" क्रिसान्तो सोडेनात.

"गा," मी तिला म्हटलं. "जशी रोज गातेस तशीच."

ती गायली. लावून बघितलं, तर गुणगुण नाही. क्रिसान्तो टाळी वाजवून म्हणाले, "रुसली! तुमच्या पापाने रुसली!"

मी खोलीभर नजर फिरवली. रोजच्यापेक्षा आज वेगळं काय होतं? गर्दी होती, मी होते, क्रिसान्तो होते. आणि तेर्यो पुढच्या खोलीत होता.

"तेर्यो, एरवी ही गाते तेव्हा तू कुठे असतोस?"

"मागे. जाळं विणत."

"मग जा मागे. जाळं विण. बाकीच्यांनी तोंडं बंद."

तो गेला. जोनालिनने हेडफोन लावला, डोळे मिटले आणि अंगाई सुरू केली. पहिली ओळ संपली, ती श्वास घ्यायला थांबली, आणि त्या थांबण्यात हिरवी रेघ हलली. बारीक, थरथरती. म्हातारीने क्रूस काढायला हात उचलला. तो हात मी धरला, आणि दुसऱ्या हाताने मागच्या दाराचा पडदा सारला.

भिंतीच्या पलीकडे, लॅपटॉपपासून हातभर अंतरावर तेर्यो बसला होता. मांडीवर जाळं, डोळे बंद, सुई चालू. आणि नाकातून, बारीक बाईच्या पट्टीत, तो बायकोची अंगाई गुणगुणत होता.

जोनालिनने हेडफोन काढला. आता तिलाही ऐकू आलं.

"ताताय!"

तेर्यो दचकला. "काय झालं?"

"तुम्ही गाताय."

"मी? मी कुठे गातोय?" सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्याच्या लक्षात आलं. त्याने जाळं बाजूला ठेवलं. "ती तुला झोपवायला गायची, तेव्हा मी इथून साथ द्यायचो," तो म्हणाला. "तिच्याच पट्टीत, नाहीतर ती रागवायची. सवय राहिली असेल."

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्हणजे तुला अडवत होतो तो मीच?"

जोनालिन जाऊन त्याच्याजवळ जमिनीवर बसली. "तुम्ही मला एकदा तरी सांगायचं होतं, की मी गेले तर तुम्हाला एकटं वाटेल."

"असं बापाने सांगायचं असतं का?" तेर्यो म्हणाला. "तू जा. मी विणीन जाळी, गाईन अंगाई. आता तर सगळ्या गावाला माहीत झालंय."

क्रिसान्तो एव्हाना तीनचाकीत बसले होते. ताईत विसरले, फोन मात्र बरोबर नेला.

लॅपटॉपमध्ये आवाजाच्या यादीत झाकणातल्या माइकवर खूण होती. मी ती काढून लाल डब्यावर टाकली. एवढाच काय तो भूत उतरवण्याचा विधी, नारळ नाही, कोंबडी नाही. शुक्रवारी सकाळी जोनालिनने तिन्ही गाणी नव्याने रेकॉर्ड करून पाठवली, आणि महिन्याभराने ती गेली. जुनं रेकॉर्डिंग, भुताचं, तिने पुसलं नाही. जहाजावर झोपताना तेच ऐकते म्हणे.

लोक अजून विचारतात, नांग पेत, आमच्याकडे यंत्रातून कुणीतरी बोलतंय, काय करू? मी सांगते, आधी कुठला माइक चालू आहे ते बघा. फोन लांब ठेवा. टकटक करा, वायर तपासा, जे कानाने ऐकलं ते डोळ्यांनी पडताळा. आणि एवढं करूनही आवाज येतच राहिला, तर वैदूकडे धावू नका, भिंतीपलीकडे जाऊन बघा. तिथे बहुतेक कुणीतरी जिवंत माणूस बसलेलं असतं, आणि दोन वर्षं त्याच्याशी कुणी धड बोललेलं नसतं.