एकतीस मीटरवरचा नेम

नागुमो-सान तिसऱ्यांदा दुकानात आले, तेव्हाही त्यांच्या बुटांना मातीचा कण नव्हता. जपानमधल्या याचिमाता गावातल्या त्या दुकानात येणारी बाकीची गिऱ्हाइकं जवळच्या मैदानावर लुटुपुटीच्या लढाया खेळून चिखलासकट आत शिरायची. नवरा गेल्यापासून बारा वर्षं ओरिए कुरामोची एकटीच एअरसॉफ्टच्या, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या खेळातल्या बंदुका विकत आणि दुरुस्त करत होती. पण असं चकचकीत गिऱ्हाईक तिनं पाहिलं नव्हतं.

"आजोबा, मैदानात कधी उतरताय?" काउंटरला टेकलेल्या हायासे नावाच्या तरुण गिऱ्हाइकानं विचारलं. "आमच्यात मरायला माणसं कमी पडतायत."

"मला धावपळ जमत नाही," नागुमो हसून म्हणाले. "मी बसून खेळतो."

हायासे हसत निघून गेला. ओरिएनं बंदूक उघडून नळी बाहेर काढली. नळीच्या मागच्या टोकाशी बोटाच्या पेराएवढं रबर बसवलेलं असतं. छर्रा सुटताना त्याला वरून घासून उलटी फिरकी देतं, म्हणून तो लवकर खाली न पडता सरळ जातो. नागुमोंच्या बंदुकीतलं रबर कडक होऊन एका बाजूला झिजलं होतं.

"त्यामुळेच तुमचा छर्रा डावीकडे जातोय," ती म्हणाली. "किती अंतरावर मारता?"

"एकतीस मीटर. जरा वरून खाली. रोज तेच अंतर."

"मोजलंत?"

"नोकरीभर जमिनीच मोजल्या मी."

ओरिएला असं नेमकं बोलणारी माणसं आवडायची. तिनं तीन रबरं मांडली. कडक रबर टिकाऊ, पण थंडीत त्याची पकड जाते. मधलं सगळ्यांना चालतं. मऊ रबर लवकर झिजतं, पण जड छर्राही नीट धरतं.

"मऊ घ्या," ती म्हणाली. "वर दाबाचा तुकडा सपाट घालते, म्हणजे छर्रा दोन्हीकडून सारखा दाबला जाईल. वारा असतो का?"

"दोन इमारतींच्या मधून येतो. सकाळी दहाला कमी असतो."

तिनं रबर बसवलं, नळी पुसली आणि दोघं मागच्या लांब पडवीत गेली. नागुमोंनी पाच छर्रे मारले. कागदावर पाचही भोकं चहाच्या पेल्याच्या तोंडात मावतील एवढ्यात आली. ओरिएला मनापासून आनंद झाला.

"बघा! आता समोरच्याची खैर नाही. बरं, त्याच्याकडे खेळताना घालायचा जाड चष्मा आहे ना? नेम असा बसला की डोळ्यांची काळजी घ्यावी लागते."

"तो चष्मा घालत नाही," नागुमो कागदाकडे बघत म्हणाले. "कपडे वाळत घालताना कोण चष्मा घालतं?"

ओरिएच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. ते गंमत करत नव्हते.

"अगंबाई," ती कशीबशी म्हणाली, "हे रबर कडेला चिरलंय की. बंदूक इथंच राहू दे. शुक्रवारी या, नवीन मागवते."

नागुमोंनी बंदूक तिच्याकडे सरकवली. "ठेवा. घरी दुसरी आहे. तोवर तिच्यावर भागवतो."

ते कमरेत वाकून नमस्कार करून गेले. दुरुस्तीच्या पावतीवर त्यांचा पत्ता होता. पोलिसांना काय सांगणार? म्हातारा चमत्कारिक बोलला म्हणून? रात्रभर तिला झोप लागली नाही. सकाळी दुकान न उघडताच ती त्या वसाहतीत गेली. समोरासमोर दोन इमारती होत्या. नागुमोंचं घर चौथ्या मजल्यावर. समोरच्या तिसऱ्या मजल्यावर एकाच गॅलरीत ओले कपडे लटकत होते.

दार उघडणाऱ्या तरुणाचं नाव किझु. बेकरीतली रात्रपाळी करून आल्यानं त्याचे डोळे तांबारले होते. मानेवर आणि दंडावर लाल गोल डाग होते, दहा-बारा तरी.

"हे कशानं झालं?" ओरिएनं नाव सांगायच्या आधीच विचारलं.

"पिसवा असतील. गॅलरीत आलं की टचकन चावतात. महिना झाला. औषध मारून दमलो. तुम्ही कोण?"

उत्तर न देता ती वाकून गॅलरीच्या कडेपर्यंत गेली. पाणी जायच्या भोकाशी पांढरे छर्रे साचले होते. तिनं एक तळहातावर घेतला. वजन ओळखीचं होतं. तिच्याच दुकानातले जड छर्रे.

"अहो, बाहेर काय करताय?" किझु कपड्यांच्या चिमट्यांची टोपली घेऊन तिच्या मागे आला.

समोरच्या चौथ्या मजल्यावर पडदा हातभर सरकलेला होता. ओरिएनं त्याचा सदरा धरून त्याला आत ओढलं. त्याच क्षणी काचेवर टक्कन आवाज झाला, आणि लगेच दुसरा, त्याच जागी.

दोघं जमिनीवर बसून राहिली.

"नागुमो-सान?" सगळं ऐकल्यावर किझु पुटपुटला. "एकदा चुकीच्या वारी कचरा ठेवला म्हणून बोलले होते. मी माफी मागितली होती हो. मिठाई घेऊन गेलो होतो."

या वेळी पोलिसांना दाखवायला डाग होते, छर्रे होते. त्यांना नागुमोंच्या घरी खिडकीपाशी खुर्ची सापडली आणि एक वही. किझु रोज किती वाजता बाहेर येतो, कोणत्या बाजूला तोंड करून उभा राहतो, सगळं सुबक अक्षरात लिहिलेलं. पहिल्या पानांवर नेमाची जागा म्हणून नुसते हात आणि पाठ होती. शेवटच्या आठवड्यात फक्त डोळा.

अटक झालेले नागुमो दंड भरून दोन महिन्यांत घरी परतले. त्याआधीच किझुनं घर सोडलं होतं. ओरिए एकदा मुद्दाम त्या वाटेनं गेली. तिसऱ्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं होतं. एक बाई गुणगुणत चादर झटकत होती. ओरिए जिना चढू लागली. त्या बाईला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हे तिला अजून सुचलं नव्हतं.