सुटं निघत नाही

हललं... नाही, पाणी हललं नव्हतं, दारावरून कोणीतरी गेलं आणि उजेड हलला. स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला, कोनाड्यात ठेवलेला. नोव्हेंबरात भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हापासून पाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरात असा एक पेला होता, आणि घरातलं कोणी ना कोणी जाता-येता त्याच्याकडे बघून घेत असे. चंद्रिका लॅपटॉप चार्जिंगला लावण्यापुरती आत आली होती आणि तेवढ्यातही तिने तोंड दाराकडेच ठेवलं होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून जमिनीपर्यंत उतरलेली भेग तिला न बघताही दिसत होती. मुकेशने, तिच्या धाकट्या भावाने, ती सिमेंटने बुजवली होती आणि ती पुन्हा उघडली होती. वर स्लॅब. पूर्वी इथे कारवीच्या कुडाचं घर होतं, ते पडलं असतं तरी अंगावर शेणमाती आली असती, फार तर दोन वासे... पण ते मोडून विटांचं बांधलं तेव्हा सगळ्यांत जास्त हरखली होती ती चंद्रिकाच.

"ताई, आता नाय ना येणार?"

उंबऱ्यावर निर्मला बसली होती, मुकेशची बायको, मांडीवर तान्ही मुलगी. सगळा पाडा रात्री ताडपत्रीच्या तंबूंत झोपत होता, आणि माघातल्या थंडीने पोरीची छाती भरली होती. खोकली की तिचं एवढंसं अंग दुमडून जायचं. निर्मलाच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. चंद्रिका पेल्याकडे बघत होती, आणि पेल्याकडे बघता बघता मनाने मुंबईच्या संस्थेतल्या मोठ्या संगणकाकडे, जिथे तिचा हिशेब चालू होता, आज निकाल यायचा होता. आणि या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, भीती—चोवीस तास पोटात धरून ठेवलेली—तिला कोणीतरी 'नाही' म्हणायला हवं होतं.

"नाही," ती म्हणाली. "आता नाही येणार."

म्हटलं आणि बरं वाटलं. अंधारात एकटं चालताना माणूस मोठ्याने बोलतं, तसं. ती पिशवी घेऊन रस्त्याकडे निघाली. पाड्यात रेंज नव्हती, निकाल बघायचा तर तलासरी गाठायला हवी होती.

जीपमध्ये दाटीने बसल्यावर तिला आईचा प्रश्न आठवला. रखमी, तिची आई, दर सुट्टीत एकदा विचारायचीच, तू शिकतेस तरी काय? चंद्रिका सांगायची: आई, हा दगड, ही माती, आपण, सगळ्यांच्या आत बारीक कण असतात, त्या कणांच्या आत क्वार्क, आणि क्वार्क कधी एकटा बाहेर येत नाही. दोघांना धरून ओढ, लांब, आणखी लांब. मधला दोर सैल पडत नाही, तुझी सगळी मेहनत त्या दोरात साठत राहते. आणि शेवटी तो तुटतो तेव्हा सुटा क्वार्क हाती लागत नाही. साठलेल्या मेहनतीतूनच तुटल्या टोकांना नवे क्वार्क जन्मतात, पुन्हा जोडीच्या जोडी. एकाची दोन जोडपी... रखमी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "म्हंजे तू नाय त्यांच्यातली. तू सुटलीस बरी एकटीच." आणि हसायची. चंद्रिकाही हसायची. हसण्यासारखं होतं का ते?

सुटतात फक्त अफाट उष्णतेत, विश्व जन्मलं तेव्हा होती तशा. तिचा प्रबंध त्या सुटण्याबद्दल होता. खऱ्या जगात ते हळूहळू होतं, लोणी वितळावं तसं, इथे घट्ट होतं आणि इथे पातळ झालं अशी रेघ मारता येत नाही. पण ती जो हिशेब करत होती त्यात क्वार्क मुद्दाम फार जड धरले होते, आणि तिथे तो बदल एकदम व्हायचा. तापमान वाढवत जा—काही नाही, काही नाही, काही नाही—आणि मग सगळंच. आधी कुठेतरी एक बुडबुडा धरतो. लहान असला तर दबून जातो, कोणाला कळतही नाही; पण एका मापाच्या पुढे गेला की मग तो थांबवता येत नाही. चार वर्षं ती हे आकड्यांत बघत आली होती आणि तिला कधी भीती वाटली नव्हती. आता जीप खड्ड्यात आदळली तरी ती दांडा घट्ट धरत होती, आणि बाजूची बाई पदराने तोंड पुसत पुटपुटत होती, "खड्डा हाय बाय, खड्डा."

दुपार होता होता तलासरीला महामार्गाच्या कडेला एका मोबाईलच्या दुकानाशी ती उभी राहिली. फोन थरथरला—तो फोनच होता—आणि निकाल आला. एकाच तापमानाला चालवलेल्या हिशेबाच्या प्रतींपैकी काही बांधलेल्या बाजूला स्थिरावल्या होत्या, काही सुटलेल्या बाजूला. दोन्ही बरोबर. नेमकं हेच तिला हवं होतं, याच्यासाठी तर तिने दिवाळीपासून वाट बघितली होती, आणि ती ते वाचत असताना दुकानदार गिऱ्हाइकाला सांगत होता:

"अरे बंध थई गयो धरतीकंप. सायवन बाजूच्या पाड्यात एक बेन आहे ने, मोठी सायंटिस. मुंबईला मशीनवर बसते. तिने सकाळी सांगितलं, आता नाय येणार. आमची धुणीवाली तिकडचीच. मुलाने नाक्यावरून फोन केला तिला, तंबू सोडला बोलला."

"कोणी सांगितलं?" चंद्रिकाने विचारलं. आवाज आपला नव्हता.

"बधा, सगळेच बोलतात, बेन. तुम्ही कुठल्या?"

मी. मीच ती, असं म्हणायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं—ती मीच, आणि मला काही माहीत नाही, मी ज्याचा अभ्यास करते ते डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, जमिनीतलं मला ढिम्म कळत नाही... पण दुकानदाराचा चेहरा इतका सैलावलेला होता की तिचा धीर झाला नाही. "गंजाडची," ती खोटंच म्हणाली आणि जीपच्या थांब्याकडे जवळजवळ धावत सुटली.

जीप भरेपर्यंत हलत नाही. ती बसून राहिली, ड्रायव्हर हाका मारत राहिला, ऊन कलायला लागलं, आणि तिच्या डोक्यात फक्त ती खोली होती, भेग पडलेली भिंत, भिंतीला लागून अंथरूण, अंथरुणावर निर्मला आणि पोर. म्हणजे निर्मलाने पाणी भरताना कोणाला सांगितलं असणार. तिने कोणाला. आणि ऐकणाऱ्यालाही तेच हवं होतं, कारण थंडीला सगळेच कंटाळले होते. दबून जायला हवा होता तो बुडबुडा. एका घरात, एका बाईच्या कानात. देवा, आता नको. आता नको, मी पोचेपर्यंत नको.

रस्त्यावर उतरली तेव्हाच दिसलं. निळ्या ताडपत्र्या उतरल्या होत्या. नवशी, शेजारची म्हातारी, आपल्या ताडपत्रीची घडी घालत होती आणि तिच्या मागे दोघेजण बाज आडवी करून दारातून आत नेत होते.

"नवशीआजी, आत नको. मी तसं नाही म्हणाले. मला माहीत नाही येणार की नाही. कुणालाच माहीत नाही."

"तुला नाय माहीत तं मंग कोणाला?" नवशी घडी घालतच राहिली. "शिकलेली मानसा आशीच बोलतात. मोठेपना नाय तुला, बाय, आगदी तुझ्या बापासारखी."

पुढच्या घरी तुक्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि आवाज खाली आणून विचारलं, "वरून दम दिलाय का तुला? सांगू नको म्हनून?" नाही, दम कोण देणार, चंद्रिका म्हणाली, मला खरंच... "समजला," तुक्या म्हणाला, "मी कोनाला नाय बोलत." त्याच्या पुढच्या घरातल्या जानीने तिचा चेहरा बघितला आणि तिचं पहिलं वाक्य संपायच्या आतच मागच्या पोरांना हाक मारली, "ही रडाला आलीय, काय तरी हाय, खराखुरा सांगत नाय ही." दार ते दार ती तेच बोलत गेली—मला माहीत नाही, मला माहीत नाही—आणि तिच्या पाठीमागे प्रत्येक घरात काहीतरी नवीन जन्मत गेलं, एकीकडे ती नम्र होती, एकीकडे तिचं तोंड बांधलेलं होतं, एकीकडे तिला शेवट दिसलेला होता. नुसतं 'माहीत नाही' कोणाच्या हातात पडेचना. ती जितकं ओढत होती तितकं ते आणखी कशाला तरी चिकटून बाहेर येत होतं.

घरात निर्मला त्याच भिंतीशी आडवी झाली होती. पोर झोपली होती, तोंड उघडं, श्वास मोकळा, कपाळावर ऊब. रखमी चुलीपाशी बसून पोरीकडे बघत होती.

"निर्मला, बाहेर चल."

"तुमीच सांगला ना सकाळी?"

"ते मी... उगाच म्हणाले."

निर्मला उठून बसली नाही. फक्त तिचे डोळे चंद्रिकावर येऊन थांबले आणि त्यांत राग नव्हता, राग असता तर सोसला असता. "उगाच?" ती म्हणाली. "मना बरा वाटावा म्हनून? आन् आता ह्या थंडीत पोरीला परत नेऊ, ते पन उगाच?"

"राहू दे," रखमी म्हणाली. "कवाची झोपलीय पोर."

चंद्रिका बाहेर आली. पाय तिला चिमणकाकाच्या अंगणात घेऊन गेले. चिमण भगत होता. सुपात तांदळाचे दाणे टाकून तो बघायचा, आजारपण, हरवलेली गुरं, कोणाची बाधा, आणि पाड्याचा त्याच्यावर चंद्रिकाहून जुना भरवसा होता. शाळेत असताना ती त्याला हसायची. मग एकदा मध्येच तिच्या लक्षात आलं होतं की आपला संगणकही शेवटी दाणेच टाकतो, पुन्हा पुन्हा, लाखो वेळा, आणि मग सरासरी काढतो. आज सूप भिंतीला उलटं टेकवलेलं होतं.

"दिवाळीपासून दाने बोलत नाय," चिमण म्हणाला. तो फार थकलेला दिसत होता. "लोक येतात. मी सांगतो, आज देव गप हाय, उद्या या. किती दिस सांगू? मंग आज बोलले, चंद्रिकानं सांगला. मला पन बरा वाटला."

"काका, तुम्ही सांगा त्यांना. बाहेर झोपा म्हणून. तुमचं ऐकतील."

"काय सांगू? माहीत नाय, तरी झोपा? माहीत नाय यावर कोन कुडकुडल?" त्याने भिंतीशी टेकलेलं सूप आणखी आत सरकवलं. "येनार हाय, असा सांग."

"पण ते खोटं आहे."

"आन् सकाळचा खरा होता?"

ती उठली तशी त्याने मागून, अगदी हलक्या आवाजात, लहान मुलाने विचारावं तसं विचारलं, "बाय, येल का गो खरा?"

घराकडे चालताना ती स्वतःशी मोजत होती, काय होईल आणि काय नाही. आज म्हटलं येणार आणि नाही आला, तर उद्या सगळे आत जातील आणि मग माझं कोणी कधीच ऐकणार नाही, मी रस्त्यावर आडवी पडले तरी नाही. आज म्हटलं येणार आणि आला... पुढचं तिने मोजलं नाही. दारात उभी राहून ती म्हणाली, "आज येणार. मोठा. अंधार पडायच्या आत बाहेर."

आवाज कापला नाही. याचंच तिला नंतर नवल वाटत राहिलं. दारोदार खरं सांगताना कापत होता.

निर्मला ताडकन उठली. एकही प्रश्न नाही. पोर जागी झाली, रडली, खोकली. रखमीने गोधड्या उचलल्या. मुकेश हाका मारत सुटला आणि त्याच्या हाकेसरशी घराघरातून बाजा पुन्हा बाहेर आल्या, ताडपत्र्या पुन्हा ताणल्या गेल्या. नवशी जाता जाता तिच्या पाठीवरून हात फिरवून गेली. सकाळी एक वाक्य होतं, आता दोन झाली, दोन्ही तिची, दोन्हींत खरं काही नव्हतं, आणि सगळा पाडा दुसऱ्या वाक्याच्या आधाराने उघड्यावर येऊन बसला होता.

तंबूत निर्मला पोरीला छातीशी धरून बसली. पोर खोकली की ती चंद्रिकाकडे बघे, तक्रारीने नव्हे, विश्वासाने. एवढं सोसतेय ते तुमच्या शब्दावर, असं. आसपासच्या तंबूंतून लोक दबक्या आवाजात बोलत होते आणि मध्येच सगळे एकदम गप्प होत, ऐकायला. सूर्य गेला होता. गार वारा सुटला होता. माणसं बाहेर होती, पोर बाहेर होती, आता छाती हलकी व्हायला हवी होती, आणि चंद्रिका भुईवर तळवा टेकून बसली होती, खालून नेहमी आधी येते ती गुडगुड ऐकायला, रोजच्यासारखीच जीव मुठीत धरून...

रोजच्यासारखी नाही. रोज ती मनात म्हणायची, नको. आज किती वेळ झाला, तिने एकदाही म्हटलं नव्हतं. तिने म्हणून बघितलं. ओठ हलले, पण आत काही उठलं नाही. आत दुसरंच कोणी बसलं होतं, भुईला कान लावून, घाईला आलेलं, आणि ते म्हणत होतं—ये.