आकडेमहाराज आणि न मिळालेलं घरभाडं

सकाळी नऊलाच जिना भरला होता. खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान, वर भाड्याचा हॉल, आणि हॉलच्या दारापासून थेट रस्त्यापर्यंत माणसं. आकडेमहाराज न विचारता वर्षाची कमाई सांगतात, अगदी पै न् पै बरोबर, आणि कापलेला प्राप्तिकर परत आणून देतात, हे आता गावभर झालं होतं.

रांगेत धाकट्या बहिणीमागे दादाही उभे होते. कर कार्यालयात त्यांनी तीस वर्षं कारकुनी केली, पण साहेबांशी बोलायचं तर आदल्या दिवशी वाक्य कागदावर लिहून ठेवणारा हा माणूस. बहीण कपड्यांच्या कारखान्यात शिवण विभाग सांभाळायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. गेल्या वर्षी महाराजांनी तिचे कापलेले अठराच्या अठरा हजार परत आणले आणि त्यातले पाच हजार ठेवून घेतले. सगळाच्या सगळा कर परत कसा येईल, हे दादांना तेव्हाच खटकलं होतं. पण आपल्याला नव्यातलं काय कळतं, म्हणून ते गप्प बसले.

आता तिच्या मोबाइलवर कर कार्यालयाच्या नोटिशीचा संदेश आला होता. उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर, नाहीतर परत मिळालेली रक्कम आणि दुप्पट दंड पगारातून वसूल.

"तू ती उघडून वाचलीस तरी का?"

"मला धडकीच भरते, दादा. महाराजांनी पैसे आणले, तेच निभावतील. तू आत उगाच कायदे काढू नकोस हं."

दाराशी टेबल टाकून एक बाई बसली होती. "कर क्रमांक सांगा. आता मोबाइलवर एक आकडा येईल, तोही सांगा. नोंदणीसाठी." सगळे हसतमुखानं सांगत होते. दादांनीही सांगितला.

आत महाराज डोळे मिटून बसले होते. डोक्याला कानांवरून पांढरा रुमाल गुंडाळलेला.

"आकडे तरंगतायत!" ते बसचालकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "कर म्हणजे काय, लेकरा? पैशाला आलेला ताप! तो उतरला की पैसा आपल्या पायानं घरी येतो. थांब, दिसतंय... बँकेचं व्याज, तीन हजार एकशे सात!"

"अहो, हे तर मी बायकोलाही सांगितलं नव्हतं!"

"आता कळलं मला!" मागून बायकोचाच आवाज आला. हॉल हसला.

मग दादा पुढे बसले. महाराजांनी निवृत्तिवेतनाचा आकडा बिनचूक सांगितला. लोकांनी माना डोलावल्या. "आणि घरभाडं! महिन्याला बारा हजार. लपवतोस काय?"

"कुणाच्या घराचं?" दादांनी हळूच विचारलं.

"तुझ्याच!"

बहिणीला हसू आवरेना. "महाराज, तो स्वतः भाड्याच्या खोलीत राहतो. छप्पर गळतं तरी मालकाला सांगायला लाजतो."

"मागच्या जन्मीचं असेल," कुणीतरी सावरून घेतलं.

दादा उठले. त्यांनी आपला मोबाइल उघडून सगळ्यांपुढे धरला. "ऐका जरा. आता अर्ज सोपा झालाय, एका पानाचा. आपला पगार, आपलं व्याज, सगळं कचेऱ्या आणि बँका परस्पर कळवतात. अर्ज भरूनच येतो. माझ्या क्रमांकावर दुसऱ्या कुणाचं तरी घरभाडं चुकून चढलंय. मी तक्रार केलीय, अजून दुरुस्ती झाली नाही. हे बघा, बारा हजार. अंतर्ज्ञान असतं तर यांना माझी गळकी खोली दिसली असती. यांना दिसली ती कार्यालयाची चूक! दाराशी आपण जो आकडा सांगतो ना, ती आपल्या कुलपाची किल्ली. बाई अर्ज उघडून बघतात आणि यांना कळवतात."

"म्हातारा जळतोय!" कुणी ओरडलं.

पुढच्या रांगेतली परिचारिका उठली आणि तिनं महाराजांचा रुमाल ओढला. कानातलं छोटं यंत्र मांडीवर पडलं. लोक पुढे वाकले, आणि यंत्रातून दारावरच्या बाईचा बारीक आवाज आला, "पुढची परिचारिका. पगार चार लाख दहा हजार. ऐकताय ना?"

"पण पैसे तर आले ना आमचे!" बसचालक हट्टानं म्हणाला.

"आले. कोणती सवलत दाखवून आले तेही वाचा." दादांनी बहिणीच्या मोबाइलवर तिचा गेल्या वर्षीचा अर्ज उघडून दिला. "वाच गं. मोठ्यानं."

ती वाचू लागली. "अवलंबित पती. गंभीर आजार. वर्षभरातील उपचारांचा खर्च..." तिनं वर पाहिलं. "पैसे संपले म्हणून आपण त्यांना दवाखान्यातून घरी आणलं होतं, दादा. आणि इथं अजून उपचार चाललेत."

मग सगळ्यांनीच आपापले जुने अर्ज उघडले. रांगेतल्या एका मास्तरांची धावती-पळती मुलगी कागदावर अपंग होती. बसचालकाची आई आंधळी. तोवर महाराज मागच्या जिन्यानं पसार झाले होते, दारावरची बाईही टेबल सोडून गेली होती. त्यांना अडवायचं कुणाला सुचलं नाही, की धीर झाला नाही, कोण जाणे.

बहिणीनं त्या रिकाम्या टेबलावरच उत्तर लिहिलं. अर्जातला मजकूर खोटा आहे, माझा आकडा मी स्वतः दिला, पैसे परत करीन. पूर्ण अठरा हजार, महाराजांनी नेलेल्या पाच हजारांसकट. दंड माफ होईल की नाही, हे दादांनाही सांगता आलं नाही.

"मी गेल्या वर्षीच बोलायला हवं होतं," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

वाचकहो, कागद पुढे सरकवायला कुणाचा तरी हात लागतो, ही आपली जुनी सवय. तो हात लागू नये म्हणून यंत्र आलं, तर आपण यंत्रापुढे नवा हात आणून बसवला. अर्ज एका पानाचा आहे. आपल्या नावानं काय लिहिलंय ते धाडण्याआधी वाचा, अडलं तर विचारा, आणि ज्याला कळतं त्यानं वेळेवर सांगा. डोळे मिटून जो आपलीच माहिती आपल्याला ऐकवतो, त्याच्या पाया पडण्याआधी एवढंच विचारा: तुला हे कुणी सांगितलं?