टाकाऊ बाटलीतली बावीस अक्षरं

प्रयोगशाळेत ताईच्या पाठीमागे तिला ‘जुनी आवृत्ती’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातल्या मनात थोडंफार पटतही होतं. जुळ्या मुलींपायी आठ वर्षं घरी काढून एक्केचाळिसाव्या वर्षी ती पुन्हा पिपेट हातात धरायला आली, तेव्हा इथलं सगळंच बदललेलं होतं. एका वर्षाची नेमणूक, खिडकीजवळचं टेबल आणि दोन प्रकारच्या पेशी, एवढाच तिचा इथला संसार. आणि वर्ष आता संपत आलं होतं.

पेशी उंदराच्या भ्रूणातल्या. या मूळपेशींना पुढे काहीही होता येतं, हृदय, मेंदू, कातडी, म्हणाल ते. पण त्यासाठी आधी मूळपण सोडावं लागतं आणि ते सोडायला लावणाऱ्यांत मायक्रोआरएनए नावाचे चिमुकले तुकडे असतात. जेमतेम बावीस अक्षरांचे. ‘आहेस तशीच राहा’ असे लांबलचक निरोप, म्हणजे लांब आरएनए, पेशीत सारखे निघत असतात. हे तुकडे त्या निरोपांना चिकटतात आणि त्यांची बोलतीच बंद करतात. ताईने असाच एक तुकडा हेरला होता. तो काढून टाकला की पेशी हट्टाला पेटत, काही केल्या मोठ्या व्हायचं नाव घेत नसत. तो परत दिला की बदलू लागत. निदान तिला तरी तसं दिसत होतं.

पण मोजायला जावं तर तुकडा सापडतच नव्हता. साध्या, धडधाकट पेशींतसुद्धा शून्य. पाच वेळा मोजलं आणि पाचही वेळा तेच.

“ताई, जो मुळात घरात राहतच नाही, तो घर कसा चालवेल?” सरांनी विचारलं. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. मृदू बोलायचे, त्यामुळे जास्तच लागायचं. “सोमवारी अकराला बसू. तोवर काही नवं हाती आलं नाही, तर हे काम थांबवू. पेशी नष्ट करायच्या आणि एक तारखेपासून टेबल मास्तरला.”

मास्तर हा शेजारच्या टेबलावरचा सहकारी. पोरगेला, हुशार, आणि दिसेल त्याला शिकवत सुटणारा, म्हणून हे नाव. “मोजणीत चूक नाही हो, ताई,” तो म्हणाला. “कंट्रोल बघा ना, दर वेळी चोख येतोय.” कंट्रोल म्हणजे प्रत्येक पेशीत हमखास असणारा एक आरएनए. तो सापडला म्हणजे पेशींतून आरएनएची काढणी नीट झाली, असं सगळेच धरून चालत. ताईसुद्धा.

त्या दिवशी घरी गेल्यावर तिचा चेहरा बघूनच सासूबाईंनी ओळखलं. तिला पुन्हा कामावर जायला त्यांनीच भरीला घातलं होतं. “सोमवार सोमवारी बघू,” त्या म्हणाल्या. “आत्तापासून तोंड पाडून बसू नकोस. पोरी तुझ्याकडे बघत असतात.” ताई बरं म्हणाली, पण मन मानेना. या वयात दुसरं दार कोण उघडणार होतं?

गुरुवारी टाकाऊ द्रवांच्या बाटलीची पाळी तिची होती. प्रयोगशाळेची रीत अशी, की भरलेली बाटली विल्हेवाटीला पाठवण्याआधी आत काय काय आहे ते लेबलवर लिहायचं. बाकीचे ‘नेहमीचंच’ असं खरडून मोकळे होत. ताईला ते जमेना. तिने लिहिलं: क्षार, अल्कोहोल, आणि… पेन तिथेच थांबलं.

पेशी विरघळवायच्या, ते पाणी बोटभर गाळणीतून जाऊ द्यायचं, आरएनए गाळणीला चिकटतो, आणि खाली गळतं ते या बाटलीत. मग खाली गळतं तरी काय? तिच्या वेळी गाळणी नव्हतीच. अल्कोहोल ओतून सगळा आरएनए तळाशी बसवायचा, लहान-मोठा सरसकट. गाळणी आली ती ताई घरी असताना, आणि कुणीतरी भिंतीवर लावलेला कृतीचा जुना कागद बघून ती मुकाट्याने वापरत आली होती.

तिने गाळण्यांच्या खोक्यातली पुस्तिका उघडली. शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत होतं: ही गाळणी दोनशेहून अधिक अक्षरांचा आरएनए धरून ठेवते.

तिचा तुकडा बावीस अक्षरांचा.

ताई स्टुलावर बसलीच. वर्षभर ज्याच्या शोधात जिवाचं रान केलं, त्याला ती दर वेळी स्वतःच्या हाताने बाटलीत ओतत आली होती. आणि कंट्रोल? तो जवळजवळ दोन हजार अक्षरांचा धिप्पाड गडी, तो गाळणीवर ऐटीत बसणारच. आधी तिला स्वतःची लाज वाटली, मग रागही आला. मग तिने पदर खोचावा तशा ॲप्रनच्या बाह्या वर सारल्या आणि ताज्या पेशी काढल्या.

“असं आता कुणी करतं का?” शुक्रवारी तिच्या हातातली अल्कोहोलची बाटली बघून मास्तरने विचारलं.

“मी करते,” ताई म्हणाली.

इतक्या वर्षांनीही हात काही विसरले नव्हते. शनिवारी दुपारी मोजणीच्या यंत्राच्या पडद्यावर रेघा चढू लागल्या. साध्या पेशींत तुकडा भरपूर. हट्टी पेशींत शून्य, खरंखुरं शून्य. आणि ज्यांना तो परत दिला होता, त्यांच्यात पुन्हा भरपूर. तिने रविवारी सगळं पहिल्यापासून परत केलं. तेच आलं. तिचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी सकाळी आठला पेशींकडे एक नजर टाकावी म्हणून तिने डिश सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि जागच्या जागी खिळली. तुकडा परत मिळालेल्या पेशींच्या गोळ्यात एक कोपरा हलत होता. आकसत होता, सुटत होता, पुन्हा आकसत होता. पेशी हृदयाच्या झाल्या होत्या.

अकराला सरांनी रेघा पाहिल्या, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिल्या. “मग ते शून्य कुठून येत होतं?”

“बाटलीतून, सर,” ताई म्हणाली आणि सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं, चूक तिचीही होतीच. शेजारी उभ्या मास्तरचा चेहरा पार उतरला. त्यानेही त्याच गाळणीने मोजून तीन छोटे तुकडे ‘नाहीतच’ म्हणून निकालात काढले होते. माझं जरा काम आहे म्हणत तो फ्रीजरमधल्या आपल्या जुन्या नमुन्यांकडे पळाला.

सर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसले. हातातल्या घड्याळावर ठोके मोजले. मग हट्टी पेशींची डिश ठेवून पाहिली, ती ढिम्म. परत पहिली ठेवली.

“ताई,” शेवटी ते म्हणाले, “तो घर चालवतो, हे मी मान्य करतो. तीन वर्षांच्या नेमणुकीचं पत्र आजच काढायला सांगतो. शोधनिबंधावर नाव तुमचं, पहिलं.”

ताईने आभार मानायला तोंड उघडलं, पण निघालं ते भलतंच. “सर, आधी ती डिश द्या इकडे. केव्हाची बाहेर आहे, पेशी गार पडतील.”

सरांनी ती दोन्ही हातांनी उचलून दिली. ताई ती घेऊन उबेच्या कपाटाकडे गेली, जपून आत ठेवली, दार लावलं आणि त्या कोमट दारावर कपाळ टेकवून हमसून रडली. तिला इतका आनंद झाला होता, की कोण बघतंय याची तिला पर्वाच नव्हती.